नवा टायमिंग बेल्ट पुन्हा तेलात भिजतो, गुणगुणतो किंवा दात चुकतो: सॅन्ट्रो झिंग आणि आय-टेन १.१ साठी समस्या निवारण

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. तो बदलून आणलेली गाडी काही महिन्यांत त्याच तक्रारीने पुन्हा उभी राहते, हे फार ठिकाणी घडते. बेल्ट नवा, बिल भरलेले, आणि तरी उजव्या बाजूने जळक्या तेलाचा वास, नाहीतर बॉनेटखाली बारीक शिट्टी, नाहीतर चढावर गाडी ओढतच नाही. मग दुसरा बेल्ट आणला जातो. माझे ठाम मत असे आहे की अशा वेळी बेल्टचा दोष क्वचितच असतो. बेल्टला आजूबाजूचे काहीतरी मारत असते: गळणारे सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी), कोरडे पडलेले टेन्शनरचे (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीचे) बेअरिंग, झिजलेली चावी (पुलीला क्रँकवर घट्ट धरणारी धातूची पाचर), फुटके कव्हर. आणि बेल्ट बदलताना नेमके तेच जुने ठेवले जाते, कारण दुकानात गिऱ्हाईक ‘फक्त बेल्ट द्या’ म्हणते.

इथे मी ह्युंदाईचे १.१ लिटर पेट्रोल इंजिन धरून लिहितो आहे. १०८६ सीसी, चार सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट. सॅन्ट्रो झिंगमध्ये आणि पुढे आय-टेन १.१ मध्ये हेच इंजिन आले. दोन्ही गाड्या अजून गावोगाव चालतात, सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि इंजिनाभोवती हात घालायला थोडी जागा आहे, म्हणून घरी काम करणाऱ्याला हे इंजिन जमण्यासारखे आहे. पण आय-टेन असेल तर आधी एक खात्री करा. १.२ कप्पा इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे. आरसी बुकावर सीसी पाहा, १०८६ असेल तरच पुढचे वाचा.

बेल्ट तुटला तर काय, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. कॅम जागेवर थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळू शकतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवणे आले आणि खर्च बेल्टच्या कैक पटींनी वाढतो. म्हणून बेल्टवर तेल दिसत असताना, किंवा टायमिंग चुकल्याची शंका असताना, ‘जरा चालवून बघू’ हे या इंजिनात करू नका. गाडी उभी ठेवा आणि कव्हर उघडा.

आधी जुना बेल्ट नीट वाचा

काढलेला बेल्ट लगेच कचऱ्यात टाकू नका. काय बिघडले ते तोच सांगतो. एका बाजूची कड झिजून धागे निघाले असतील तर बेल्ट सरळ धावत नव्हता. टेन्शनरची पुली तिरकी झाली आहे, तिचे बेअरिंग डुलते आहे किंवा क्रँकच्या दातेरी पुलीमागची अथवा पुढची पत्र्याची चकती उलटी बसली आहे, यांपैकी काहीतरी एक. दात मुळाशी फाटले असतील तर बेल्ट सैल होता, किंवा त्याने कधीतरी एकदम मोठा झटका खाल्ला. दातांमधल्या खोलगट भागात चकाकी आणि झीज दिसत असेल तर बेल्ट गरजेपेक्षा ताणलेला होता. रबर फुगलेले, मऊ, नख लावले तर खड्डा पडणारे असेल तर तेल किंवा कूलंट. आणि मागची पाठ करपून काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर टेन्शनर फिरत नव्हता, बेल्ट त्याच्यावर घासत होता.

तडे नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा समज मात्र सोडून द्या. जुन्या काळच्या निओप्रीन रबराला तडे जायचे, तेव्हा ही खूण उपयोगी होती. आताचे बेल्ट एचएनबीआर रबराचे आणि आत काचेच्या धाग्यांचे असतात. वरून ते शेवटपर्यंत धड दिसतात आणि आतले धागे थकलेले असतात. म्हणून मालकाच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी होईल त्यावर बदलायचे. शहरात आठवड्यातून दोनदा बाजारापुरती फिरणाऱ्या गाडीचा मीटर कमी दाखवतो, पण रबराचे वय थांबत नाही. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्टची नोंद कुठेच नसेल तर मी नोंद शोधण्यात वेळ घालवत नाही, बेल्ट बदलतो.

तेल कुठून येते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो, कारण पुन्हापुन्हा येणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. टायमिंग कव्हरच्या आत तेल येण्याच्या जागा मोजक्याच आहेत. वरून टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) गॅस्केट, कॅम पुलीमागचे सील, खाली क्रँकचे पुढचे सील, त्याच्याभोवती ऑइल पंपाच्या हाउसिंगचा जोड आणि अगदी तळाला चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) जोड. तेल खाली वाहते आणि फिरणारा बेल्ट ते चौफेर उडवतो, त्यामुळे कव्हर उघडल्यावर सगळेच काळे दिसते. तेव्हा नजरेने ठरवू नका. सगळा भाग ब्रेक क्लीनर आणि फडक्याने कोरडा करा. टेन्शनरच्या बेअरिंगवर मात्र क्लीनर मारू नका, आतले ग्रीस धुऊन निघते आणि महिन्याभरात ते ओरडायला लागते. कोरड्या झालेल्या भागावर हलकी टाल्कम पावडर फुंका, गाडी नेहमीसारखी थोडी चालवा आणि वरचे कव्हर पुन्हा उघडा. पावडरीवर ओल जिथे सगळ्यात वर दिसेल, तिथून गळते. त्याच्या खालचे सगळे ओघळ आहेत.

टॅपेट कव्हरचे गॅस्केट हे यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. रबर कडक होऊन चपटे झालेले असते आणि त्यावर सिलिकॉनचा जाड थर फासून वेळ मारून नेलेली असते. सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून तेलाच्या वाटेत जाते. नवे गॅस्केट आणा, जागा प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने थोडेथोडे आवळा. इथले बोल्ट हलक्या हाताचे आहेत, जोर लावला तर ॲल्युमिनियममधला आटा जातो.

कॅम सील आणि क्रँक सील बेल्टसोबत बदलायचीच, गळत नसली तरी. दोन्हींची किंमत बेल्टच्या मानाने किरकोळ आहे आणि तिथपर्यंत पोहोचायची मेहनत तर आधीच झालेली असते. जुने सील काढताना टोकदार स्क्रूड्रायव्हर शाफ्टला घासू देऊ नका. शाफ्टवर पडलेला एक बारीक ओरखडा नव्या सीलचा ओठ कापतो आणि गळती परत सुरू होते. सीलच्या धातूच्या कडेला बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवा आणि पकडीने स्क्रू ओढा, सील सरळ बाहेर येते. नवे सील बसवताना ओठाला इंजिन ऑइल लावा. क्रँकच्या टोकाला चावीची खाच असते, तिची धार ओठाला लागू नये म्हणून टोकावर पातळ टेप गुंडाळा आणि सील सरकल्यावर काढून टाका. सीलच्या बाहेरच्या मापाची गोटी (सॉकेट) घेऊन चारी बाजूंनी सारखे ठोकत आत न्या. तिरके बसलेले सील पहिल्या दिवशी गळत नाही, गाडी तापू लागली की गळते.

शाफ्टवर जुन्या सीलने रेघ पाडली आहे का ते नखाने पाहा. नख अडकले तर नवे सील त्याच खोलीवर बसवण्यात अर्थ नाही. जागा असेल तर मिलीमीटरभर पुढे किंवा मागे बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या धातूवर येईल.

आता मुख्य गोष्ट. सील दोनदा बदलली, व्यवस्थित बसवली, आणि तरी पुन्हा गळतात, असे असेल तर सीलकडे पाहणे थांबवा आणि इंजिनाचा श्वास पाहा. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये जातोच. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेकडे, ओढला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची रबरी नळी तुंबली की दाब आत साठतो आणि सगळ्यात कमजोर जागा शोधून तेल बाहेर ढकलतो. ती कमजोर जागा म्हणजे सीलचा ओठ. छोट्या अंतरावर, गाडी पुरती तापायच्या आत बंद होणाऱ्या गाड्यांत नळीमध्ये पांढरट मलई साचते, पावसाळ्यात तर जास्तच. तेलाच्या टोपीखाली तशी मलई दिसली तर नळी उघडून पाहाच, आणि सोबत कूलंटची पातळी उतरते आहे का तेही पाहा, कारण हेड गॅस्केट गेले तरी अशी मलई दिसते.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, तेल भरायची टोपी काढा आणि तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवा. कागद हलकेच चिकटला तर श्वास ठीक. कागद उडाला, किंवा तोंडातून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर दाब आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता नवा लावा. व्हॉल्व्ह आणि नळ्या नव्या असूनही कागद उडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनात सील कितीही चांगले आणा, टिकणार नाही. मग खर्चाचा विचार बेल्टपुरता न करता इंजिनाच्या कामाचाच करावा लागतो.

तेल लागलेला बेल्ट पुसून, साबणाने धुऊन परत लावता येतो का, असे विचारले जाते. नाही. तेल रबरात शिरलेले असते. गळती आधी बंद करा आणि बेल्ट नवा घ्या, आणि क्रमही हाच ठेवा.

कूलंटचे थोडे वेगळे आहे. रेनो डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तिथे पंप बेल्टसोबत बदलणे हा नियमच आहे. आपल्या या इंजिनात पंप बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो. तरी त्याची पुली हाताने डोलवून पाहा आणि पंपाच्या गळती-भोकाखाली सुकलेल्या कूलंटचा पांढरा-हिरवट डाग आहे का ते बघा. डाग असेल तर आत्ताच बदला. नंतर बदलायचा म्हटले तर यातले बरेचसे काम पुन्हा उघडावे लागते.

काढताना

थंड इंजिन, सपाट जमीन, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. उजवे पुढचे चाक काढायचे, म्हणजे आपल्याकडे चालकाच्या बाजूचे. गाडी जॅकवर तोलून तिच्याखाली हात घालायचा नाही. स्टँड लावा, काढलेले चाकही दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.

क्रँक पुलीचा बोल्ट हा घरी काम करणाऱ्याचा पहिला अडथळा. तो प्रचंड आवळलेला असतो. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या माणसाला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा. चाक काढल्यामुळे डिस्क हबवर सैल असते, म्हणून तिला दोन व्हील नट परत लावून घ्या, तरच ब्रेक नीट धरतो. मग लांब दांड्याने एकसारखा जोर. बोल्ट सरळ आट्याचा आहे, घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. दांडा जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण दाखवतात. ती करू नका. दांडा निसटला तर हाडे मोडतील इतका जोर त्यात असतो, आणि इंजिन भलत्याच वेळी फिरते ते वेगळेच. बोल्ट नुसता सैल करा, पुली अजून काढू नका, गिअर न्यूट्रलला आणा आणि मगच टायमिंगच्या खुणा जुळवायला घ्या. बोल्ट सोडताना क्रँक थोडा हललेला असतो, म्हणून हा क्रम.

इंजिन फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरणारे रबरी माउंट) उजव्या बाजूचे काढावे लागते, त्याआधी चेंबरखाली लाकडी फळी घालून जॅकने इंजिनाला आधार द्या. फळी न घालता जॅक लावला तर पत्र्याचा चेंबर चेपतो आणि आतल्या तेलाच्या जाळीला टेकतो. फाउंडेशनचे रबर फाटलेले असेल तर तेही बदला. थरथरणारे इंजिन बेल्टची कव्हरे आणि ब्रॅकेट सैल करते.

चारही स्पार्क प्लग काढले की क्रँक हाताने फिरवणे सोपे जाते. फिरवायचे ते घड्याळाच्या दिशेनेच, पुलीकडे तोंड करून पाहिले असता. १९९८ च्या होंडा सिटीची इंजिने उलटी फिरायची, त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींकडून इथे चूक होऊ शकते. कॅम पुलीवरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आणा. खालच्या प्लॅस्टिक कव्हरवर आकडे छापलेले असतात आणि बाहेरच्या पुलीवर खाच असते, पण कव्हर निघाल्यावर ते विसरायचे. खरी खूण क्रँकच्या दातेरी पुलीवर आणि ऑइल पंपाच्या हाउसिंगवर आहे. दोन्ही जागी खुणा जुळल्या की त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोबाइलने समोरून, अगदी सरळ, फोटो काढा. तिरका फोटो पुढे एका दाताचा घोळ करतो.

शिट्टी आणि फटफट

बेल्ट बदलल्यावर रेस वाढवली की वाढणारी गुणगुण येत असेल तर बेल्ट जास्त ताणलेला आहे. थंड इंजिनात कव्हरच्या आतून फटफट आपटल्याचा आवाज असेल तर सैल आहे. घरघर असेल, आणि बाहेरचे बेल्ट काढल्यावरही ती राहत असेल, तर टेन्शनरचे बेअरिंग. आवाज टायमिंग बेल्टचाच आहे का, हे आधी असेच वेगळे करावे लागते. बाहेरचे बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवायचे. पंप बंद असतो, म्हणून मिनिटभराच्या आत बंद करा.

या इंजिनाचा टेन्शनर साधा आहे. एक स्प्रिंग आणि दोन बोल्ट, त्यातला एक लांबट भोकात. ताण स्प्रिंग ठरवते, आपला हात नाही. गडबड होते ती टामीने (लोखंडी पहारीने) टेन्शनर दाबून धरून बोल्ट आवळण्यात. तसे केले की बेल्ट ताणला जातो आणि शिट्टी सुरू. योग्य पद्धत अशी: बेल्ट आधी क्रँकवर चढवा, मग ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू तणावात ठेवून कॅमवर, आणि ढिलाई सगळी टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. आता दोन्ही बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचे काम करू द्या. क्रँक घड्याळाच्या दिशेने थोडासा, कॅमचे दोनेक दात सरकतील इतपत फिरवा, म्हणजे ओढणारी बाजू ताणली जाते आणि ढिलाई टेन्शनरकडे गोळा होते. मग आधी लांबट भोकातला बोल्ट आवळा, नंतर दुसरा. क्रम उलटा केला तर बोल्टसोबत टेन्शनरही वळतो आणि ताण आपोआप वाढतो. इतर कशाने न गेलेली शिट्टी मी बऱ्याचदा याच एका क्रमाने गेलेली पाहिली आहे.

ताण थंड इंजिनावरच ठरवायचा. गरम झाल्यावर ॲल्युमिनियमचे हेड वाढते आणि बेल्ट आणखी ताणतो. गरम इंजिनावर बरोबर वाटलेला ताण सकाळी सैल असतो.

टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग बेल्टसोबत नवीच घ्या. जुनी पुली हातात फिरवून गुळगुळीत वाटते, म्हणून ठेवायचा मोह होतो. बोटांनी फिरवणे आणि इंजिनाच्या वेगाने फिरणे यांत फार फरक आहे. बेल्ट नवा आणलेला, आणि तो ज्याच्यावर फिरतो ते बेअरिंग आधीच जुन्या बेल्टएवढे धावलेले, हा हिशोब जुळत नाही.

बेल्ट बदलल्यावर गाडी ओढत नाही

एक दात चुकला की गाडी सुरू होते, म्हणूनच तो पकडणे अवघड. क्रँक पुलीला वीस दात धरले तर एका दाताने क्रँकचे अठरा अंश सरकतात. एवढ्याने आयडल थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोर राहत नाही, ॲव्हरेज पडते, सीएनजी किट असेल तर इनटेकमध्ये फटका बसून एअर फिल्टरचा डबा उडू शकतो. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी००१६ आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ नाही असा त्याचा अर्थ. सेन्सर बदलायच्या आधी कव्हर उघडून खुणा पाहा.

खुणांचा भरवसा वाटत नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. चारही सिलिंडरमध्ये दाब सारखाच कमी आला तर टायमिंग चुकल्याची दाट शंका धरा. एकातच कमी असेल तर व्हॉल्व्ह वाकलेला किंवा नीट न बसणारा असू शकतो.

बेल्ट चढवल्यावर स्टार्टर मारायच्या आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो आणि चारही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. मध्ये कुठे धातूला धातू टेकल्यासारखे कडक अडकले तर जोर लावू नका, मागेही फिरवू नका. बेल्ट सैल करून पुन्हा खुणांपासून सुरुवात करा. उलट फिरवण्यात धोका असा की ढिलाई ओढणाऱ्या बाजूला जाते आणि बेल्ट तेवढ्यात दात सोडतो.

आता असा प्रसंग, जो ओळखायला वेळ लागतो: टायमिंग बरोबर बसवले, गाडी छान चालली, आणि काही आठवड्यांनी पुन्हा सरकले. खुणा पाहाव्यात तर बेल्टने दात सोडलेला नाही. अशा वेळी क्रँकची चावी पाहा. मागच्या वेळी पुलीचा बोल्ट पुरेसा आवळला नसेल तर पुली प्रत्येक झटक्याला हलते, चावी झिजते, खाच रुंद होते. पुली हातात धरून मागेपुढे हलवली तर सूक्ष्म खुळखुळ जाणवते. चावी नवी टाका. क्रँकची खाचच रुंद झाली असेल तर घरी काही करू नका, चांगल्या लेथवाल्याला दाखवा.

म्हणून या बोल्टला टॉर्क पाना हवाच. या इंजिनासाठी साधारण १४० ते १५० न्यूटन मीटर, कॅम पुलीच्या बोल्टला ८० ते १००, टेन्शनरच्या बोल्टना २० ते २७. तरी आपल्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा पाहून घ्या, शेवटी तोच धरायचा. कॅम पुलीचा बोल्ट आवळताना पुली धरून ठेवायला नवा बेल्ट वापरू नका, धागे ताणले जातात. पुलीचे आरे धरणारा दांडा मिळतो, किंवा दोन बोल्ट लावून पट्टीचा घरी बनवता येतो.

कव्हर आणि उंदीर

खालच्या कव्हरचा एखादा बोल्ट नाही, कोपरा फुटला आहे, कडेची रबरी पट्टी निघून गेली आहे, अशी कितीतरी इंजिने दिसतात. शहरात हे खपून जाते. ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत चिखल आणि बारीक खडी थेट दातांमध्ये जाते. खडीचा एक दाणा पुलीच्या दातात अडकला तर बेल्ट तिथून फाटतो. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ लागत असेल तर उंदरांचाही विचार करा. कव्हरच्या आत कापसाचे, कागदाचे तुकडे दिसले की बेल्टची पाठ कुरतडली आहे का ते पाहायचे. नवे कव्हर महाग नाही, जुन्या बाजारात चांगले अख्खे मिळाले तरी चालते. पट्टी मात्र नवी लावा, आणि चाकाच्या आतली प्लॅस्टिकची चिखलरोधक ढालही परत बसवायला विसरू नका.

सुटे भाग घेताना

बेल्ट, टेन्शनर, स्प्रिंग, कॅम सील, क्रँक सील, टॅपेट कव्हर गॅस्केट, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि बाहेरचे बेल्ट, एवढे एकदम घ्या. कंपनीचे घ्या किंवा गेट्स, काँटिनेंटल यांच्यासारख्या बेल्ट बनवणाऱ्यांचे घ्या, पण ओळखीच्या दुकानातून आणि बिलावर. नक्कल बाजारात भरपूर आहे. जुना बेल्ट सोबत न्या, दात मोजा आणि रुंदी लावून पाहा. खोक्यातून काढलेला बेल्ट आतबाहेर उलटा करून किंवा मुठीत दुमडून पाहू नका, दुकानदाराने तसे केले तर दुसरा मागा. काचेचे धागे एकदा मोडले की बाहेरून काही दिसत नाही. घरीही तो खिळ्याला टांगायचा नाही, खोक्यात आडवा ठेवायचा.

सुरू केल्यावर

इंजिन सुरू झाले की आयडलवर कान द्या. कव्हर बसवलेले असावे, सैल कपडे आणि ओढणी लांब. पंखा कधीही फिरू शकतो, हे धरूनच बॉनेटखाली वाका. पूर्ण गरम होऊन पंखा एकदा फिरेपर्यंत थांबा, मग बंद करून खाली कागद पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर गाडी रोजच्या वापरात घ्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला किलोमीटर आणि तारीख रंगाने लिहून ठेवा, पुढच्या मालकालाही ती लागेल.

साधारण पाचशे किलोमीटर झाले की वरचे कव्हर पुन्हा एकदा काढा. बेल्टची कड एकसारखी आहे का, पाठीवर चकाकी आली आहे का, कॅम पुलीखाली ओल आहे का, एवढेच पाहायचे. कड एका बाजूने झिजायला लागली असेल तर टेन्शनर सरळ बसलेला नाही, तो तेव्हाच काढून त्याच्या मागची जागा साफ करून परत बसवा. ओल दिसली तर कागद घेऊन पुन्हा तेलाच्या टोपीपाशी जा.